लिलिपुटचे माप

'गलिव्हरचा प्रवास' हे नाव ज्याच्या कानावरून गेलेले नाही असा सुशिक्षित मनुष्य विरळा. आणि ते पुस्तक ज्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे, असा मनुष्य त्याहूनही विरळा. बहुतेकांच्या मनात त्याचे एकच चित्र असते. समुद्रकिनाऱ्यावर एक धिप्पाड मनुष्य उताणा पडला आहे, असंख्य बारीक दोऱ्यांनी तो जमिनीशी जखडला आहे आणि त्याच्या छातीवर बोटभर उंचीचे सैनिक फिरत आहेत. हे चित्र शाळेतच मनावर उमटते आणि पुढे जन्मभर तेवढेच राहते. याला वाचकांपेक्षा आम्ही शिक्षक अधिक जबाबदार आहोत, असे आमचे मत आहे, आणि त्याचा पुरावा आमच्याच वर्गातला आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच शिक्षकाच्या पेशात शिरलो होतो. इंग्रजीच्या तासाला लिलिपुटचा उतारा शिकविणे चालले होते. शब्दार्थ झाले, व्याकरण झाले, आणि तास संपावयास पाचच मिनिटे उरली असता मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, एवढा मोठा माणूस त्या एवढ्याशा दोऱ्या तोडून उठून का जात नाही?" आम्ही म्हणालो, "अरे, तो झोपेत होता." "पण सर, नंतर जागा झाला ना?" वर्ग हसला. आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि ते सुचत नाही हे कबूल करण्याचा मोकळेपणाही तेव्हा अंगी नव्हता. "ती गोष्ट आहे. खाली बैस," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पुढे कित्येक वर्षांनी ते पुस्तक समग्र वाचले, तेव्हा ध्यानात आले की, त्या मुलाने सबंध ग्रंथातील कळीचा प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाच्या आधाराने ग्रंथाची ओळख करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्रंथकर्ता जोनाथन स्विफ्ट हा ३० नोव्हेंबर १६६७ रोजी डब्लिन येथे जन्मला आणि १७४५ साली तेथेच वारला. १७१३ पासून तो डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्माधिकारी होता. प्रस्तुत ग्रंथ लंडन येथे २८ ऑक्टोबर १७२६ रोजी बेंजामिन मॉट याने प्रसिद्ध केला. पण त्यावर स्विफ्टचे नाव नव्हते. दूरदूरच्या राष्ट्रांचा प्रवास लेम्युएल गलिव्हर नावाच्या एका शस्त्रवैद्याने केला आणि त्यानेच तो लिहिला, अशी बतावणी मुखपृष्ठावर होती. ही सावधगिरी उगाच नव्हती. दोनच वर्षांपूर्वी आयर्लंडवर लादल्या जाणाऱ्या तांब्याच्या नाण्यांविरुद्ध स्विफ्टने एका कापडदुकानदाराच्या नावाने पत्रे लिहिली होती आणि त्यांचा कर्ता कोण हे सांगणारास सरकारने ३०० पौंडांचे बक्षीस लावले होते. कर्ता कोण हे शहरात पुष्कळांस ठाऊक होते, परंतु बक्षीस घ्यावयास कोणी पुढे आला नाही. इतकी काळजी घेऊनही मॉटने भीतीपोटी गलिव्हरच्या मजकुरात फेरफार केलेच. ते दुरुस्त करून मूळ पाठाशी अधिक जुळणारी आवृत्ती डब्लिन येथे १७३५ साली निघाली. जगाची करमणूक करण्यापेक्षा त्याला डिवचावे, हा आपला हेतू आहे, अशा अर्थाचे स्विफ्टने आपला मित्र कवी पोप यास कळविले होते. बालवाङ्मय म्हणून जे आपण मुलांच्या हाती देतो, त्याचा उगम असा आहे.

आता या कथेचा नायक पाहा. अद्भुत कथेचा नायक म्हटला की राजपुत्र, योद्धा किंवा मंत्रसिद्धी असलेला पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. गलिव्हर यांपैकी काहीच नाही. नॉटिंगहॅमशायरमधील एका लहानशा जमीनदाराच्या पाच मुलांपैकी तो तिसरा. केंब्रिजचे शिक्षण पैशाअभावी तीन वर्षांत आटोपते घेतलेला. लंडनमध्ये एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली चार वर्षे उमेदवारी केलेला. मोजे विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करून ४०० पौंड हुंडा घेतलेला. आणि धंदा बसल्यावर पोटासाठी जहाजावर नोकरी धरलेला. त्याला आकड्यांची हौस आहे, नवी भाषा तो झटपट शिकतो, वरिष्ठांशी नम्रतेने वागतो. आपल्या ओळखीच्या कोणत्याही कचेरीत असा मनुष्य आढळेल. ४ मे १६९९ रोजी तो 'अँटिलोप' जहाजातून ब्रिस्टलहून निघतो, ५ नोव्हेंबरला जहाज खडकावर आपटते, तो एकटा पोहत किनाऱ्याला लागतो, गवतावर नऊ तासांहून अधिक झोपतो आणि जागा होतो तो बांधलेल्या स्थितीत. जगाचे माप बदलले आहे. मनुष्य मात्र तोच आहे. या प्रयोगात ग्रंथाचे सारे सामर्थ्य आहे.

माप बदलले, असे आम्ही म्हणतो ते अलंकारिक अर्थाने नव्हे. लिलिपुटची माणसे सहा इंचांहून किंचित कमी उंचीची आहेत. म्हणजे आपली एक फूट तो त्यांचा एक इंच. हे एकास बारा प्रमाण स्विफ्टने गणिताच्या शिक्षकास शोभेल अशा काटेकोरपणाने पाळले आहे. तेथील घोडे साडेचार इंचांचे. गलिव्हरला राजधानीपर्यंत नेण्यास असे १५०० घोडे लागतात. शिंपी त्याच्या उजव्या अंगठ्याचा घेर मोजतात आणि थांबतात. कारण अंगठ्याच्या घेराची दुप्पट तो मनगटाचा घेर, आणि याच रीतीने पुढे गळा व कंबर यांचा हिशेब त्यांना करता येतो. त्याच्या बिछान्यासाठी त्यांच्या मापाच्या १५० गाद्या एकत्र शिवतात. लांबीला बारा, रुंदीला बारा, म्हणजे १४४ गाद्या पुरत्या; सहा जास्त आहेत, त्या शिंपीकामाची सूट म्हणून धराव्यात. पण जाडीला मात्र ते चारच थर देतात. बाराऐवजी चार! म्हणून गुळगुळीत दगडी फरशी गलिव्हरला टोचत राहते. हा चार थरांचा बिछाना फळ्यावर मांडून पाहावा. क्षेत्रफळ आणि घनफळ यांतील भेद वर्गाला इतक्या लवकर दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने कळलेला आम्ही पाहिलेला नाही.

अन्नाचा हिशेबही असाच. गलिव्हरला रोज १७२८ लिलिपुटवासीयांचे अन्न मिळावे, असे तेथील गणितज्ञ ठरवितात. हा आकडा बाराचा घन आहे. शरीर लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांनी बारापट, म्हणून अन्न १७२८ पट. गणित बिनचूक आहे. चूक असेल तर ती निसर्गाच्या बाजूने. प्राण्याची अन्नाची गरज त्याच्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून सावकाश वाढते, हे माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखविले. त्या नियमाने पाहता गलिव्हरचे सुमारे २७० जणांच्या अन्नात भागले असते आणि लिलिपुटची तिजोरी पुष्कळ वाचली असती. उलटपक्षी, सहा इंचांच्या माणसाला उंदराप्रमाणे दिवसभर खातच राहावे लागले असते. राजनीतीला त्याला सवडच मिळाली ना! प्रत्येक प्राण्याला निसर्गाने एक योग्य आकार नेमून दिला आहे, या विषयावर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली, म्हणजे गलिव्हरच्या प्रकाशनानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, एक सुंदर निबंध लिहिला. पुढे १९५७ साली भारतात येऊन ते या देशाचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो निबंध या कथेच्या जोडीने वाचावा, अशी आमची शिफारस आहे.

पण स्विफ्टला प्राणिशास्त्र शिकवावयाचे नव्हते. हिशेब इतका चोख ठेवण्यामागे त्याचा हेतू असा की, आकड्यांवर विश्वास बसला म्हणजे वाचक पुढील सर्व गोष्टींवर आपोआप विश्वास ठेवतो. आणि पुढील गोष्टी काय आहेत? लिलिपुटचा बादशहा आपल्या दरबाऱ्यांपेक्षा नखाच्या रुंदीइतका उंच आहे, आणि पाहणाराला धाक बसावयास तेवढे पुरते. मोठमोठ्या जागा ज्यांना हव्या असतील त्यांना दोरीवर नाचून दाखवावे लागते. जो न पडता सर्वांत उंच उडी मारील त्याची नेमणूक. खजिनदार फ्लिमनॅप या डोंबारीविद्येत सर्वांहून एक इंच वर उडतो. ज्यांना दरबारी मान हवा ते बादशहाने धरलेल्या काठीवरून उड्या मारतात व काठीखालून सरपटतात, आणि बक्षीस म्हणून सहा इंचांचा रेशमी धागा कमरेला बांधून मिरवितात. गलिव्हरच्या खिशांची झडती घेणारे अधिकारी त्याच्या घड्याळाविषयी अहवाल देतात की, हे बहुधा त्याचे दैवत असावे, कारण याला विचारल्यावाचून तो सहसा काही करीत नाही. तासाच्या घंटेवर ज्यांचा जन्म गेला त्या आम्हां शाळामास्तरांना हा टोला विशेष लागतो.

यापुढचा प्रसंग सर्वांस माहीत आहे. अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे, यावरून लिलिपुट आणि शेजारचे ब्लेफुस्कू बेट यांत युद्ध चालू आहे. पूर्वी ते रुंद टोकाकडून फोडीत. एका राजपुत्राचे बोट त्यात कापले, म्हणून त्याच्या बापाने लहान टोकाकडूनच फोडावे असा हुकूम काढला. त्यावरून सहा बंडे झाली, एका बादशहाचा जीव गेला, दुसऱ्याचे राज्य गेले, आणि हुकूम मानण्यापेक्षा मरण बरे म्हणून अकरा हजार माणसांनी देह ठेवला. धर्मग्रंथात एवढेच म्हटले आहे की, ज्याने त्याने सोयीच्या टोकाकडून अंडे फोडावे. सोयीचे टोक कोणते, यावर शेकडो ग्रंथ निघाले! वाचक येथे मनसोक्त हसतो. आम्हीही हसलो; आणि मग अनुच्चारित अनुस्वार लेखनात ठेवावा की काढावा यावरून आमच्याच पिढीच्या गुरुजनांत जे पक्ष पडले होते, जी पत्रे लिहिली गेली होती आणि जे स्नेह तुटले होते, त्यांची आठवण होऊन आमचे हसू आवरले. व्याकरणाचा प्रश्न क्षुल्लक होता असे आम्ही म्हणत नाही. स्नेह तोडण्याइतका तो मोठा होता काय, एवढेच लिलिपुटचे माप विचारते.

फ्लिमनॅप म्हणजे मुख्य प्रधान रॉबर्ट वॉलपोल, ब्लेफुस्कू म्हणजे फ्रान्स, उंच टाचा व बुटक्या टाचा म्हणजे टोरी व व्हिग हे पक्ष, रुंद टोकवाले म्हणजे कॅथलिक, ही किल्ली टीकाकारांनी पूर्वीच लावून ठेवली आहे. ती ठाऊक असावी. पण तीच म्हणजे अर्थ नव्हे. वॉलपोल जाऊन पावणेतीनशे वर्षे झाली. दोरीवरचा नाच अद्याप संपलेला नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गलिव्हर दोऱ्या का तोडीत नाही? पहिले उत्तर सरळ आहे. तो तोडू लागतो, पण लगेच शंभरावर बाण त्याच्या हातात सुयांसारखे घुसतात आणि तो निपचित पडून राहतो. परंतु हे अर्धेच उत्तर झाले. थोड्याच वेळात ते लोक त्याला टोपल्याटोपल्यांनी अन्न आणून देतात आणि त्याच्या अंगावर निर्भयपणे चालू लागतात. त्या वेळी चाळीसपन्नास जणांना मुठीत धरून आपटावे, असे त्याच्या मनात येते. पण ज्यांनी इतक्या खर्चाने आपला पाहुणचार केला त्यांच्याशी आपण आता आतिथ्याच्या धर्माने बांधलो गेलो आहोत, असा विचार करून तो हात आवरतो. अशा रीतीने एक बंधन जाऊन दुसरे येते. दोरीचे बंधन तोडता आले असते. हे दुसरे तोडावयाचे नाही असे तो स्वतः ठरवितो.

पुढे राजधानीत काही टवाळ लोक त्याच्यावर बाण सोडतात, एक तर डोळ्याजवळून जातो. सहा गुन्हेगार बांधून त्याच्या स्वाधीन करण्यात येतात. तो पाच जणांना खिशात घालतो आणि सहाव्याला तोंडाजवळ धरून खाण्याचा आव आणतो. चाकू काढतो तेव्हा सगळे भेदरतात. मग त्या चाकूने तो त्याच्या दोऱ्या कापतो, त्याला हळूच जमिनीवर ठेवतो, आणि उरलेल्या पाचांनाही तसेच सोडून देतो. ज्याला आपण दोरीने बांधले होते तो आपल्या दोऱ्या कापतो, हे दृश्य त्या लोकांच्या मनावर जे परिणाम करते ते कोणत्याही शक्तिप्रदर्शनाने झाले नसते.

खरी परीक्षा नंतरची आहे. ८०० यार्ड रुंदीची सामुद्रधुनी ओलांडून गलिव्हर शत्रूची पन्नास लढाऊ जहाजे दोरांनी ओढून आणतो. बाणांपासून डोळे वाचावेत म्हणून त्याने चष्मा लावलेला असतो! बादशहा त्याला तेथल्या तेथे सर्वांत वरचा किताब देतो, आणि लगेच म्हणतो, आता उरलेली जहाजेही आण. त्याला ब्लेफुस्कू आपला एक प्रांत करावयाचा आहे आणि तेथील प्रत्येकाला लहान टोकाकडून अंडे फोडावयास लावावयाचे आहे. येथे हा नोकरीपेशाचा, आज्ञाधारक, किताबाने हुरळलेला मनुष्य नाही म्हणतो. स्वतंत्र आणि शूर लोकांना गुलाम करण्याचे साधन आपण होणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. शरीराने तो पहिल्या दिवसापासून बारापट मोठा होता. मनाने मोठा होतो तो या क्षणी.

त्याची किंमत त्याला द्यावी लागते. राजद्रोहाचे आरोपपत्र तयार होते, आणि त्याचा म्हणविणारा मित्रच दयेचा मार्ग सुचवितो. तो असा की, मारू नये, फक्त दोन्ही डोळे फोडावेत. बळ शाबूत राहील, आणि पाहण्याचे काम मंत्र्यांच्या डोळ्यांनी होईल, कारण मोठमोठे राजेही तसेच पाहतात. पुढे अन्न हळूहळू कमी करावे, म्हणजे तो आपोआप मरेल. बादशहाच्या दयाळूपणाचा असा डांगोरा पिटला गेला की प्रजेचा सर्वांत अधिक थरकाप होतो, असे स्विफ्ट गंभीर चेहऱ्याने नमूद करतो. या वेळीही सबंध राजधानी दगडांनी ठेचून काढण्याचे सामर्थ्य गलिव्हरपाशी आहे. पण घेतलेली शपथ आणि खाल्लेले अन्न त्याला आठवते, आणि तो मुकाट्याने ब्लेफुस्कूला निघून जातो. तेथून २४ सप्टेंबर १७०१ रोजी एका होडीतून तो त्या जगाचा निरोप घेतो.

बहुतेक शालेय आवृत्त्या येथे संपतात, आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे. कारण येथे संपविले म्हणजे गलिव्हर हा एक उदार धिप्पाड पुरुष आणि लिलिपुटचे लोक हे हास्यास्पद किडे, एवढेच मुलाच्या पदरी पडते. तो मोठ्यांच्या बाजूने हसावयास शिकतो. स्विफ्टला हे मुळीच अभिप्रेत नव्हते. गलिव्हरने खिशातून आणलेली ती चिमुकली गुरे इंग्लंडात लोकांना दाखवून त्याने चांगला पैसा केला आणि शेवटी ६०० पौंडांना ती विकली, ही ओळ वाचताना आपण थांबत नाही. पण दुसऱ्या प्रवासात तो ब्रॉबडिंगनॅग या महाकाय लोकांच्या देशात पडतो. तेथे तो स्वतः सहा इंचांच्या माणसासारखा आहे, आणि तेथील शेतकरी त्यालाच गावोगावच्या बाजारांतून दाखवून, तो अर्धमेला होईपर्यंत, पैसा करतो. गुरांचा हिशेब असा पुरा होतो. तेथे त्याला माणुसकीने सांभाळते ती नऊ वर्षांची एक मुलगी. ती चाळीस फूट उंच आहे आणि वयाच्या मानाने ठेंगणी समजली जाते!

आमच्या वाचकांना महाभारताच्या आदिपर्वातील वालखिल्य ऋषींची कथा आठवेल. अंगठ्याएवढे ते ऋषी कश्यपाच्या यज्ञासाठी पळसाची एक काडी सगळे मिळून ओढीत होते आणि गाईच्या खुराने पडलेल्या खळग्यातील पाण्यात अडखळत होते. डोंगराएवढे ओझे घेऊन चाललेला इंद्र त्यांना हसला आणि ओलांडून पुढे गेला. त्या हसण्याचे फळ म्हणजे गरुडाचा जन्म. आणि त्या गरुडापुढे इंद्राला नमावे लागले. स्विफ्टने ही कथा ऐकली असण्याचे कारण नाही. पण लहानाला हसणाराचा हिशेब त्याच्याही ग्रंथात चुकता होतो. त्याच्या ग्रंथातील इंद्र म्हणजे वाचक.

ब्रॉबडिंगनॅगचा राजा गलिव्हरला तळहातावर घेतो, त्याच्या देशाची हकिगत ऐकतो, मोठ्याने हसतो आणि विचारतो, तू व्हिग की टोरी? उंच टाचांना हसलेला वाचक येथे स्वतःच्या टाचा पाहू लागतो. आणि सर्वांत दारुण प्रसंग यापुढचा आहे. राजाची मर्जी संपादावी म्हणून गलिव्हर त्याला बंदुकीच्या दारूची कृती देऊ करतो. तिने सबंध शहरे उद्ध्वस्त करता येतील, असे उत्साहाने सांगतो. राजा हादरतो. एवढ्याशा किड्याच्या मनात इतके क्रूर विचार इतक्या सहजतेने कसे येतात, असे तो म्हणतो, आणि हा विषय पुन्हा काढशील तर जिवाला मुकशील अशी ताकीद देतो. यावर आपला गलिव्हर राजाच्याच कोत्या बुद्धीची कीव करतो. ज्याने लिलिपुटात एका राष्ट्राला गुलाम करण्यास नकार दिला तोच हा मनुष्य! मोठा असताना जो उदार होता, तोच लहान होताच मोठ्याची खुशामत करण्यासाठी तोफा देऊ करतो.

आमच्या मते ग्रंथाचे रहस्य ते हेच. माणसाचे मोठेपण त्याच्या मापात नाही, आणि एकदा दाखविलेले मोठेपण कायमचे आपल्या नावावर जमाही होत नाही. प्रत्येक प्रसंगी ते नव्याने सिद्ध करावे लागते. सामान्य मनुष्य नायक म्हणून निवडण्याचे कारणही येथे उलगडते. वीरपुरुष दोन्ही देशांत वीरच राहिला असता, आणि त्याच्यापासून आपल्यासारख्यांना शिकण्यासारखे काही उरले नसते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना आमची विनंती एवढीच की, लिलिपुटचा उतारा एकटा शिकवू नये. शालेय आवृत्तीत दुसरा प्रवास नसेल तर निदान बाजारात मांडलेल्या गलिव्हरचा आणि बंदुकीच्या दारूचा हे दोन प्रसंग तोंडी सांगावेत. पहिल्या तासाला मुलांकडून आपापल्या अंगठ्याचा व मनगटाचा घेर दोऱ्याने मोजून घ्यावा. ती हसतील, हसू द्यावीत. दुसऱ्या तासाला त्यांना ब्रॉबडिंगनॅगला न्यावे. आणि त्या गडबडीत मागच्या बाकावरून कोणी उठून काही विचारील, तर घंटा झाली तरी त्याला खाली बसवू नये.